बाटलीतल्या जीवाचा पत्ता

मॅडमकडे कोणी नवीन माणूस आला की त्या आधी त्याच्या पायांकडे बघायच्या. चेहऱ्याकडे नंतर. येणारा बिचारा ओशाळायचा, चपला काढायचा, पायाला काही लागलंय का बघायचा. मॅडमच्या ते लक्षातही यायचं नाही. जिनं आयुष्यभर बारक्या जीवांचे पाय मोजले तिची नजर आधी तिथेच जाणार.

मी पहिल्यांदा त्यांच्यापुढे उभी राहिले तेव्हा माझी डावी चप्पल दोऱ्याने बांधलेली होती. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "दोनच हायेत. चालते."

मला वाटलं, काम गेलं. ती गंमत होती हे कळायला मला वर्ष लागलं.

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याचं काम नेमकं काय ते कोणालाच धड सांगता येत नाही. तुकूम भागातल्या मॅडमच्या गल्लीत कोणी म्हणायचं मॅडम औषध बनवतात, कोणी म्हणायचं किडे पाळतात. खरं म्हणजे त्या चंद्रपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि मी तिथल्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर बाटल्या धुवायचे. त्या रिटायर झाल्या तरी दुपारी कॉलेजातून सुटले की मी त्यांच्या घरी जायचे. स्वयंपाक करायचा, खिडकीवरची कोळशाची काळी धूळ पुसायची आणि त्यांच्या टेबलाजवळ बसायचं, एवढं काम.

माझं शिक्षण सातवी. गाव सिरोंच्याच्या पुढे, गोदावरीच्या काठी. तिथून इथं यायला आख्खा दिवस मोडतो. घरी आम्ही तेलुगू बोलतो. नवरा गडचांदूरला सिमेंटच्या ट्रकवर लागला म्हणून मी त्याच्यामागून आले. मग तो एका फेरीला गेला आणि परत आला नाही. मेला असं नाही. परत आला नाही, इतकंच. गावी जाऊन हे कोणत्या तोंडाने सांगायचं, म्हणून इथेच राहिले. बाटली फुटेल, कोणी ओरडेल, उद्या येऊ नको म्हणेल, ही भीती सतत असायची. मॅडमनी मला नवऱ्याबद्दल कधीच विचारलं नाही. रोज एकच विचारायच्या, "राजक्का, जेवून आली का? खरं सांग."

मॅडमचा जीव होता समुद्राच्या तळाशी. त्यांनी स्वतः समुद्र दोनदाच बघितला होता, तोही काठावरून. पण त्यांचा एक जुना विद्यार्थी समुद्राकाठच्या एका संस्थेत होता. तो जहाजातून खोल जाळं टाकून काढलेले जीव बाटलीत घालून कुरिअरने पाठवायचा.

त्यांनी पहिल्यांदा मला मायक्रोस्कोपमधून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, "हे तर रोय्या." आमच्याकडे झिंग्याला रोय्या म्हणतात.

"रोय्या नाई. जाय, अंगणातली कुंडी उचल."

कुंडीखाली ओल्या मातीत ते किडे होते, बोट लावलं की गोळी होऊन बसणारे. मॅडम म्हणाल्या, "हा त्याचा भाऊ. हा मातीत राह्यला, तो समुद्रात खाली गेला. तीन किलोमीटर खाली. तिथी उजेड नाई, म्हणून त्यानं डोळेबी ठेवले नाईत."

"मग त्याले दिसते कसं?"

"दिसतच नाई. चाचपते."

शेजारचे भाऊ मोहर्लीला सफारीची जिप्सी चालवायचे. दर आठवड्याला घरी आले की कुंपणावरून हाक मारायचे, "मॅडम, चला एक दिवस. फुकट वाघ दाखवतो. त्या किड्यात काय ठेवलं हाय?"

"वाघाले पाय किती?"

"चार."

"सगळ्यायले माहीत हाय नं? मंग मी काऊन येऊ?"

भाऊ हसत निघून जायचे. मॅडम हसायच्या नाहीत. त्यांना ते उत्तर खरंच पुरेसं वाटायचं.

एका बाटलीत तीन जीव आले होते. तांदळाच्या दाण्याएवढे, पांढरे. दोन माद्या, एक नर. मॅडमनी आठ दिवस पुस्तकं उलटली, विद्यार्थ्याला फोन केले आणि एके दुपारी खुर्चीत मागे टेकून बसल्या. "हा कुठीच नाई लिवला, राजक्का. कोणीच नाई लिवला."

नवीन जीव सापडला म्हणजे आनंदाने ओरडायचं असतं असं मला वाटायचं. तसं नसतं. तो सापडला म्हणजे कामाला सुरुवात. डोक्यापासून शेपटीपर्यंत त्याचं सगळं लिहायचं, प्रत्येक अवयवाचं चित्र काढायचं, आणि ते छापून आलं की मगच तो जगात आहे असं धरतात. मॅडमच्या मायक्रोस्कोपला आरशाची एक नळी होती. तिच्यातून बघितलं की जीव आणि कागद एकाच जागी दिसायचे, मग त्या रेघेवरून रेघ ओढायच्या. सात जोड्या पाय, प्रत्येक पाय वेगळा. त्यांची नजर अधू होत चालली होती, म्हणून पायावरचे केस मी मोजायचे. लहानपणी तेंदूपत्त्याचे पुडे बांधलेत मी. सत्तर पानं न बघता मोजायची सवय आहे हाताला.

"सहाव्या पायावर?"

"अकरा."

"परत मोज."

"अकराच, मॅडम."

"लिव."

अशी दोन वर्षं गेली. दोघी दोन-दोन तास एकही शब्द न बोलता बसायचो. त्या घरात दुसरं कोणी यायचं नाही. माझ्या खोलीवर तर नाहीच नाही. पण त्या टेबलाशी बसलं की एकटं बसल्यासारखं वाटायचं नाही. मॅडमना काय वाटायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. फक्त मला उशीर झाला तर त्या फाटकात उभ्या असायच्या आणि मला बघितलं की "मी तं झाडाले पाणी टाकून राह्यली होती" म्हणायच्या. हातात पाण्याचा डबा नसायचा.

शेवटचं पान तेवढं राहिलं होतं तेव्हा मॅडम डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी भावाकडे नागपूरला गेल्या. मला वाटलं, त्या येईपर्यंत कपाट चकाचक करून ठेवावं. या बाईचे माझ्यावर इतके उपकार, काहीतरी करायला हवं. सगळ्या बाटल्या पुसल्या. त्या तीन जिवांच्या बाटलीत आतमध्ये जाड कागदाची एक पट्टी होती, बोटभर. तिच्यावर पेन्सिलीने इंग्रजी अक्षरं आणि आकडे. कागद पिवळा पडलेला, कडा विरलेल्या. कॉलेजात लेबलं बाहेरून चिकटवलेली असायची, आतली पट्टी मला गलिच्छ वाटली. मी तसाच जाड नवा कागद कापला आणि बॉलपेनाने, जीभ दातात धरून, एकेक अक्षर चित्रासारखं उतरवलं. इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. सुरेख झालं होतं. जुनी पट्टी कचऱ्याच्या गाडीत गेली.

दुसऱ्या दिवशी बाटलीतलं स्पिरिट फिकट निळं झालं होतं. पट्टी कोरी पांढरी.

मी बाटली इतर बाटल्यांच्या मागे लपवली. मॅडम आल्या, डोळ्याला हिरवी पट्टी. आठ दिवस काम बंद. त्या आठ दिवसांत मला घास गेला नाही आणि त्या रोज विचारत होत्या, जेवली का. नवव्या दिवशी म्हणाल्या, "आण ती बाटली." मी आणली, टेबलावर ठेवली आणि बोलायला लागले. भीतीने तोंडातून तेलुगूच निघत होतं.

मॅडमनी थोडा वेळ ऐकून घेतलं. "राजक्का, मराठीत रड. मले समजू दे."

मग मी सगळं सांगितलं. त्यांनी बाटली उजेडात धरली. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "स्पिरिट शाई खाते," त्या हळू म्हणाल्या. "पेन्सिल नाई खात. म्हणून पेन्सिल." नंतर म्हणाल्या, "कोन्या जागेहून काढला, किती खोलीवरून, ते होतं त्याच्यावर. त्याच्याविना हा छापता येत नाई. आता हा कुठचाच नाई."

त्यांनी विद्यार्थ्याला फोन लावला. मी समोरच उभी होते, त्याचं बोलणं मलाही ऐकू येत होतं. त्याने सांगितलं, त्या फेरीत जहाजाने पाच ठिकाणी जाळं टाकलं होतं, बाटल्या कुठल्या कुठल्या ते त्याने वेगळं टिपलं नव्हतं, पट्टीवर होतं म्हणून. मग म्हणाला, "मॅडम, पाचातलं एक लिहून टाका. तीन किलोमीटर खाली जाऊन कोण बघणार आहे?"

"मी लिवलं तर लोक ते खरं समजून वाचतील नं बाबू," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला. मला म्हणाल्या, "चित्रं बांधून ठेव."

मी बांधली. दोन वर्षांची चित्रं एका जुन्या साडीच्या तुकड्यात मावली.

त्यानंतर त्या टेबलाकडे फिरकल्या नाहीत. अंगणात खुर्ची टाकून बसायच्या. मी सोडून जायला तयार होते, पिशवी भरली होती. पण त्या जा म्हणत नव्हत्या, आणि मी जाते म्हटलं तर या बाईशी कोण बोलणार, हेही होतं. मी गेले तर माझ्याशी तरी कोण बोलणार होतं?

पाचव्या-सहाव्या दिवशी मी ते टेबल पुसत होते. कोरी पट्टी मॅडमनी काचेखाली वाळत ठेवली होती, तशीच होती. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची तिरपी तिरीप आली आणि कागदावर मला बारीक चऱ्या दिसल्या. शाळेत गुरुजी मला यावरूनच मारायचे. मी इतकं दाबून लिहायचे की मागच्या तीन पानांवर तेच उमटायचं.

"मॅडम!" मी अशी ओरडले की त्या अंगणातून अनवाणी धावत आल्या.

त्यांनी पट्टी उन्हात तिरकी धरली. मग पेन्सिल आडवी करून तिच्यावरून हलक्या हाताने फिरवली. कागद करडा होत गेला आणि चऱ्या पांढऱ्या राहिल्या. तीन. दोन. सात. शून्य. खाली अक्षांश, रेखांश.

"काय दाबतं वो बाप्पा!" मॅडम म्हणाल्या. "पेन धरला होता का नांगर?"

तरी त्यांनी लगेच विश्वास ठेवला नाही. विद्यार्थ्याकडून जहाजाच्या वहीतले पाचही आकडे मागवले. चौथ्या ठिकाणची खोली तीच होती, अक्षांश-रेखांश तेच. एकही आकडा मी चुकवला नव्हता. मॅडमनी साडीचा तुकडा सोडला.

लेखात त्यांनी एक वाक्य घातलं की मूळ लेबल नष्ट झालं असून नकलेच्या दाबावरून वाचून जहाजाच्या नोंदींशी ताडून घेतलं आहे. मी विचारलं, "माझं नाव लिहिलं का?"

"नाई. चूक झाली ते लिवा लागते. कोणाची, ते नाई."

जिवाचं नाव ठेवायची वेळ आली तेव्हा विद्यार्थी म्हणाला, मॅडम, तुमचंच नाव देऊ. मॅडम म्हणाल्या, आपल्या लेखात आपलं नाव देत नसतात, वेडा आहेस का? मग लॅटिनमधला एक शब्द दिला. त्याचा अर्थ 'लांब राहणारा'.

लेख छापून आल्यावर ते तीन जीव समुद्राकाठच्या एका संग्रहालयाकडे जायचे होते, कायमचे. असाच रिवाज आहे, ज्याच्यावरून नाव ठेवलं तो जीव घरी ठेवायचा नसतो. बाटलीत टाकायची नवी पट्टी मॅडमनी कापली आणि पेन्सिल माझ्यापुढे केली.

"मी? नाई मॅडम, परत काही होईल."

"तूच लिव. तुह्या हाताले आता कोन्या स्पिरिटाची भीती?"

मी लिहिली. बाटली गेली. टेबलावर तिच्या बुडाचा गोल डाग राहिला. मॅडम त्या दिवशी दुपारभर त्याच्याकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, "आता काय मोजाचं, राजक्का?"

थंडीत त्यांना दम लागायला लागला. त्यांचे सख्खे भाऊ येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेले. "पंधरा दिवसात येते," म्हणाल्या, किल्ली माझ्याकडे दिली नाही. मी रोज दुपारी जाऊन फाटकाशी बघून यायचे. एक दिवस जिप्सीवाले भाऊ कुंपणाशी उभे होते. माझी वाट बघत असावेत. "बाई," ते म्हणाले. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. मॅडम नागपूरलाच वारल्या, त्याला तेव्हा चार दिवस झाले होते. मला कळवायला पाहिजे असं कोणाला माहीत असणार?

तरी मी जायचे. सवय होती. फेब्रुवारीत एकदा फाटकाशी पोस्टमन दिसला. मॅडमच्या नावाचं रजिस्टर पाकीट होतं, संग्रहालयाकडून. दाराला कुलूप बघून तो परत निघाला होता.

"मी घेते," मी म्हटलं.

"त्या कुठी हायेत?"

"नाईत आता."

त्याने माझ्याकडे बघितलं. द्यायला नको होतं, पण त्याने दिलं. "इथी सही करा. आन् नातं लिवा."

मी पेन हातात धरून उभी राहिले. ऊन लागत होतं, त्याला पुढची घरं होती. "लिवा नं बाई, काहीबी."

मी 'शेजारी' लिहिलं. मी तर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते.

तो गेल्यावर पायरीवर बसून पाकीट उघडलं. एकच कागद, सगळं इंग्रजी. तीन जीव मिळाले असं असणार. शब्द मला लागत नव्हते, पण मधल्या एका ओळीत आकडे होते. मी ते दोनदा बोट ठेवून तपासले. मग बंद दाराकडे तोंड करून एकदा मोठ्याने वाचले, "तीन, दोन, सात, शून्य."