स्टँड आहे तसाच आहे

बेसबॉल हा खेळ मला कधी आवडला नाही, आणि आता त्याच्याबद्दल लिहायला बसले म्हणून आवडत होता असं म्हणणार नाही. तीन-तीन तास माणसं नुसती उभी असतात, मधूनच एखादा पळतो, बाकीचे थुंकतात. आमच्या ह्यांना मात्र त्याचं वेड लागलं. त्या वेडापायी माझे कितीतरी उन्हाळे शनिवारी दुपारी मैदानावरच्या प्रेक्षकांच्या लाकडी स्टँडमध्ये गेले. मी तिथे स्वेटर विणले, डबा भरून नेलेला चिवडा वाटला आणि शेजारच्या बाईशी जगभरच्या गप्पा मारल्या. त्या बाईचा नवरा म्हणजे बॉस. आमच्या घरात त्यांना दुसरं नाव नव्हतं, कारण हे पहिल्यांदा नोकरीला लागले तेव्हा ते ह्यांचे फोरमन होते.

आमचं गाव केंब्रिजपासून तासाभरावर; विद्यापीठाचं केंब्रिज नव्हे, इकडचं मोटारींच्या कारखान्याचं. गाव कसलं, रेल्वेने आपल्या सोयीसाठी वसवलेली वस्ती. इंजिनं आणि डबे दुरुस्त करायचा मोठा कारखाना होता, त्याला सगळे ‘शॉप’ म्हणत. शॉपच्या मागे यार्ड आणि यार्डाला लागून मैदान. मैदान संपलं की रूळ सुरू. वाफेच्या इंजिनांच्या काळात गाडी गेली की धूर मैदानावर उतरायचा आणि चेंडू दिसेनासा व्हायचा. म्हणून गाडी आली की अंपायर हात वर करून खेळ थांबवायचा. पुढे डिझेल आलं, धूर गेला, पण अंपायरचा हात वर जायचाच. बाहेरगावच्या टीम वैतागायच्या. आमचे लोक शांतपणे माना वळवून मालगाडीचे डबे बघत बसायचे.

हे नागपूरहून आलेले मेकॅनिकल इंजिनिअर. सत्तरच्या सुमारास आम्ही इथे आलो तेव्हा शॉपच्या जेवणाच्या खोलीत ह्यांच्या टेबलावर कुणी बसायचं नाही. तसा वाईट शब्द कुणी बोललं नाही, पण टेबल रिकामं. हिवाळाभर हे एकटे पोळीभाजी खात. उन्हाळा लागल्यावर एका शनिवारी बॉस आमच्या दारात आले, दोघांनाही गाडीत घातलं आणि स्टँडमध्ये तिसऱ्या रांगेत, गावातल्या सगळ्यांसमोर, आपल्या शेजारी बसवलं. सोमवारी ह्यांच्या टेबलावर चार माणसं बसली. हे उपकार ह्यांनी जन्मभर डोक्यावर घेतले, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही.

तिसऱ्या रांगेलाही कारण होतं. बॉसच्या वडिलांना शॉपमध्ये नोकरी मिळाली ती हत्यारं चालवता येत म्हणून नव्हे, चेंडू टाकता येत होता म्हणून. तेव्हा रेल्वेच्या गावागावांची मिळून एक छोटी लीग होती. शॉपचे साहेब चांगला पिचर दिसला की त्याला कामगार म्हणून भरती करायचे. मालगाडीच्या शेपटाला एक जुना डबा जोडून टीम गावोगाव फिरायची, रविवारी रात्री परतायची आणि सोमवारी घंटेला कामावर हजर. मोडीत काढलेल्या डब्यांची लाकडं वापरून हा स्टँड त्याच लोकांनी सुट्टीच्या वेळात उभा केला. तिसऱ्या रांगेत तर प्रवासी डब्यातली बाकंच आणून बसवली होती. पुढे एका मोसमात वडिलांचा खांदा गेला. त्याच हिवाळ्यात शॉपने त्यांना काढून टाकलं. बऱ्याच दिवसांनी परत घेतलं ते झाडूवाला म्हणून. त्यानंतर ते मैदानात कधी उतरले नाहीत, पण मरेपर्यंत दर शनिवारी तिसऱ्या रांगेत बसले. बॉस स्वतः तरुणपणी त्याच मैदानावर खेळले, तेही वडिलांच्या डोळ्यांसमोर. ही गोष्ट ते दर उन्हाळ्यात नव्याने सांगायचे, आणि हे दर उन्हाळ्यात नव्याने ऐकायचे.

मग शॉप बंद पडलं. रूळ उखडून नेले. हे केंब्रिजच्या मोटारींच्या कारखान्यात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. बॉसची बायको गेली. आमचा मुलगा मार्कहॅमला, त्यांची मुलगी रिचमंड हिलला. स्टँडमध्ये आता शाळकरी पोरांच्या मॅचला आम्हा म्हाताऱ्यांची तेवढी वर्दळ. २०१६च्या हिवाळ्यात बॉसना केअर होममध्ये हलवावं लागलं. तरुणपणी बॉयलरवरचं अ‍ॅसबेस्टॉस सोलून काढण्याचं काम केलं होतं, त्याने फुप्फुसं खाल्ली होती. डॉक्टरने त्यांच्या तोंडावर सगळं सांगितलं. इथे तशीच पद्धत आहे. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये उभा जन्म काढला, मला ठाऊक आहे. आणि बॉसनीही ते सरळ ऐकून घेतलं. एवढंच म्हणाले, “बर्फ वितळलं की मला एकदा स्टँडमध्ये नेऊन बसवा. मग माझी काही तक्रार नाही.”

आणि एप्रिलच्या सुरुवातीला नगरपालिकेने स्टँड पाडला. बर्फाच्या ओझ्याने छताची एक बाजू खचली होती, कुणाच्या डोक्यात पडेल म्हणून. नाहीतरी त्या जागेवर काँडो, म्हणजे फ्लॅटच्या इमारती, यायचेच होते. मशीन आलं आणि दोन दिवसांत सगळं ट्रकमध्ये भरून गेलं. दोन्ही दिवस हे कुंपणाशी उभे राहून बघत होते. तिथूनच त्यांनी बॉसच्या मुलीला फोन केला. ती रडली आणि म्हणाली, “प्लीज, तुम्हीच सांगा डॅडना. तुमच्याकडून ऐकलं तर त्यांना सोसेल.” हे हो म्हणाले. तिथून होममध्ये गेले. बॉसनी विचारलं, “स्टँड कसा आहे?”

“आहे तसाच आहे,” हे म्हणाले.

घरी आल्यावर ह्यांनी मला ते सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“अहो, काय केलंत हे? तो माणूस डॉक्टरकडून स्वतःचं मरण ऐकून घेतो, त्याला चार फळ्या पाडल्याचं ऐकवणार नाही?”

“मे महिना बघतील असं वाटत नाही गं. सुखाने जाऊ दे. आजारी माणसाला कोण असलं सांगतं?”

“इथे सांगतात.”

“आपण नाही सांगत.”

आपण! ह्यांचे वडील नागपूरला अंथरुणाला खिळले होते तेव्हा घरच्यांनी ह्यांना दर फोनवर ‘बाबा ठीक आहेत, फिरायला गेलेत’ असंच सांगितलं होतं. परदेशात एकट्याला कशाला घोर. हे पोचले तेव्हा दहावाही उरकला होता. त्यावरून ह्यांनी भावाशी कितीतरी वर्षं अबोला धरला. मी ते त्या रात्री बोलून दाखवलं. हे ताटावरून उठून गेले. बोलायला नको होतं असं मला अजूनही वाटत नाही.

पण पुढे जे झालं ते आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. बॉस सुधारायला लागले. एरवी ताटाकडे न बघणारा माणूस, आता दोन घास जास्त खायला लागला. फिजिओवाल्या मुलीला टाळायचे, तिला आता स्वतः हाक मारायचे. व्हीलचेअरमध्ये ताठ बसायची सवय करायची म्हणून रोज थोडं थोडं बसत. स्टँडमधली मॅच नऊ इनिंगची, मध्येच झोपायला न्या म्हणून सांगणं शोभायचं नाही, म्हणाले. आणि हे रोज जाऊन त्यात भर घालत. कठडा रंगवलाय. तिसऱ्या रांगेतलं मोडकं बाक दुरुस्त केलंय. एकदा खोटं बोललं की त्याला रोज खायला घालावं लागतं, आणि आमचे हे तर कुणालाही उपाशी ठेवणाऱ्यातले नव्हेत.

मी एकदा सांगायच्या तयारीने गेले होते. बॉस खुर्चीत बसून दाखवत होते, कपाळावर घाम, नळी नाकात, आणि चेहरा असा खुललेला की माझी जीभ उचलेना. मार्कहॅमच्या आमच्या चिरंजीवांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, “आई, जस्ट टेल हिम. व्हॉट्स द बिग डील?” मुलांना सगळं सोपं असतं. मी मूग गिळून गप्प बसले. मित्र ह्यांचा आहे, ह्यांनी निस्तरावं, असं मनाशी म्हणाले.

मे महिन्याच्या शेवटी ऊन पडलं आणि बॉसच्या मुलीने व्हीलचेअर चढवता येईल अशी व्हॅन बुक केली. तिची समजूत अशी की डॅडना सगळं माहीत आहे आणि त्यांना नुसती जागा बघायची आहे. बॉसनी त्यांची जुनी टोपी घातली होती. नर्सने पायांवर ब्लँकेट टाकलं. व्हॅनमध्ये मी ह्यांच्या कानाशी लागून म्हटलं, “आता तरी सांगा. रस्त्यात सांगा.” ह्यांनी बॉसचा हात हातात घेतला. तोंड उघडलं, मिटलं. बॉस खिडकीतून बाहेर बघत होते आणि वाटेतल्या दुकानांची जुनी नावं सांगत होते. बघता बघता मैदान आलं.

मैदान म्हणजे कुंपण, खडी आणि खडीतून वर आलेलं गवत. एका कोपऱ्यात काँडोची जाहिरात. बॉसना खाली उतरवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग हसून ह्यांना म्हणाले, “किड, तू मला चुकीच्या बाजूला आणलंस. यार्डाकडून घे.”

मुलीने एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तिच्या लक्षात आलं. ती गुडघ्यांवर बसली. “डॅड, स्टँड एप्रिलमध्येच पाडला त्यांनी. तुम्हाला सांगितलंय ना? मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.”

“काल हा म्हणाला, कठडा रंगवलाय,” बॉस म्हणाले.

ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. “बॉस, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून मी…” एवढंच त्यांना बोलता आलं. मी मनातून धरून चालले होते की आता हा म्हातारा ओरडेल, शिव्या देईल. शॉपमध्ये त्यांच्या शिव्या प्रसिद्ध होत्या. दिल्या असत्या तर किती बरं झालं असतं. बॉस हळू आवाजात, जणू स्वतःशीच, म्हणाले, “आणखी काय?”

कुणालाच कळलं नाही. “आणखी काय, डॅड?” मुलीने विचारलं.

“आणखी काय काय सांगितलंत मला असं?” मग त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. “माझी बायको झोपेत गेली म्हणालास. त्रास झाला नाही म्हणालास. तेही असंच?”

बॉसची बायको हॉस्पिटलमध्ये वारली त्या रात्री बर्फाच्या वादळाने हायवे बंद होता. बॉस आणि त्यांची मुलगी वाटेत अडकून पडले होते. तिच्या उशाशी आम्ही दोघंच होतो, मी आणि हे. ती खरोखरच झोपेत गेली. तिचा हात माझ्या हातात होता आणि मला कळलंसुद्धा नाही. पहाटे बॉस आले तेव्हा ह्यांनीच त्यांना ते सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर त्या माणसाने पुढचं आयुष्य काढलं होतं.

“ते खरं आहे, बॉस. देवाशपथ खरं आहे,” हे म्हणत राहिले. बॉस म्हणाले, “मला थंडी वाजतेय.” आम्ही त्यांना परत नेलं.

त्यानंतर ते खुर्चीत बसले नाहीत. जेवण पुन्हा तुटलं. नर्सने ताप उतरला म्हटलं तर म्हणत, थर्मामीटर दाखव. मुलीने उद्या येते म्हटलं की तिच्याकडे नुसते बघत राहत. हे रोज जायचे. बॉस त्यांना बसू द्यायचे, घालवून दिलं नाही कधी, पण दर वेळी बायकोबद्दल तोच प्रश्न. ती ओरडली का? तिने मला हाक मारली का? हे दर वेळी तेच उत्तर द्यायचे, आणि घरी येऊन बेसमेंटमध्ये अंधारात बसायचे. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटायचं. मी दोन्ही केलं.

शेवटी मी गेले. मी काही गोड बोलणारी बाई नाही, हे बॉसना माहीत होतं. ते मला त्यावरून चिडवायचेही. ही खोटं बोलत नाही, हिला ते जमत नाही, असं शॉपमधल्या लोकांना सांगायचे. मी खुर्ची ओढून त्यांच्या तोंडासमोर बसले आणि म्हटलं, “मी तिथे होते. तिचा हात माझ्या हातात होता. तिला काहीही कळलं नाही. हे मी तुम्हाला सांगतेय, माझा नवरा नव्हे.”

बॉसनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून थोपटला, जसं एखाद्या पोराला थोपटतात.

“तुम्ही माणसं फार चांगली आहात,” ते म्हणाले, “तुम्ही हेच सांगणार.”

आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्या आठवड्यात ते गेले. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा ह्यांनी तिला विचारलं, त्रास झाला का. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “नाही, झोपेत गेले.” फोन ठेवून हे माझ्याकडे बघत राहिले. ती खरं बोलली की नाही, ते त्यांना विचारवेना.