पदर, हातमोजे आणि मामांचा श्वास

"जीबीएस आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते आणि हातपाय लुळे पडतात. मामा, म्हणजे माझे सासरे, आठवडाभर आधी पायातली चप्पल निसटते म्हणून चिडत होते. आता त्यांना श्वासही घेता येत नव्हता.

पुढे व्हेंटिलेटर सुटला, पण ट्रेकिऑस्टॉमी राहिली. गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी बसवतात, ती. खोकायला ताकद नसली की तिच्यात कफ साठतो. तो मशिनने ओढून काढणं म्हणजे सक्शन. नाही काढला तर माणूस गुदमरतो, इतकं साधं आहे.

बीडहून त्यांना वडवणीजवळच्या आमच्या गावी न्यायचं, तर सक्शन शिकणार कोण? आमचे हे केजच्या रूटवर जीप चालवतात. सासूबाईंना मोतीबिंदू. उरले मी, आणि मी तर लग्नापासून मामांसमोर डोक्यावर पदर घेतल्याशिवाय उभी राहिले नव्हते.

सिस्टरने शिकवलं. हात धुवा, हातमोजे घाला. सक्शनची बारीक नळी आत जाताना ओढ नको. बाहेर काढताना हातातल्या टोकाचं भोक अंगठ्याने दाबा, म्हणजे ओढ लागते, आणि फिरवत काढा. मनात दहा मोजायच्या आत बाहेर, मग पेशंटला दम घेऊ द्या. माझा पदर नळीवर पडला. तिने नव्या नळीचं पाकीट फोडलं. पुन्हा पडला. "ताई, पदराला हात लावला की हातमोजा खराब. ते जंतू सरळ फुप्फुसात जातेत."

मी पदराला पिना मारल्या. वाटलं, मिटलं. पण घरी आल्यावर मामाच मान फिरवायला लागले. सुनेने आपला बेडका काढावा, याची त्यांना लाज. नळी घुरघुरायची आणि ते डोळे मिटून मुलाची वाट बघत पडायचे. मला राग यायचा आणि रडूही यायचं.

एका दुपारी हे केजला असताना मामांचे ओठ निळे पडले. ऑक्सिमीटरचा आकडा घसरत होता. मी त्यांना विचारलंच नाही. सासूबाईंना मान धरायला सांगितली आणि नळी घातली. घट्ट कफ निघाला. त्यांना दम घेऊ दिला. पुन्हा घालणार तेवढ्यात पिन सुटून पदर खांद्यावर आला आणि सवयीने माझा हात डोक्याकडे गेला. मामांचा हात तोवर गादीवरून जेमतेम उचलला जायचा. तो त्यांनी माझ्या मनगटावर ठेवला आणि मान हलवली. राहू दे. मी तशीच काम करत राहिले.

तुमच्यावर ही वेळ आली तर एवढंच सांगते. मशिन दोन-चार दिवसांत हाताला बसतं. घरच्यांच्या मनाला वेळ लागतो, पण कफ काही त्यांच्यासाठी थांबत नाही.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी नळीच्या तोंडावर बोट ठेवून बोलायला शिकवलं. मामा तरी गप्पच. मग त्यांची बहीण, पाटोद्याच्या आत्या, भेटायला आल्या. मी उघड्या डोक्याने मामांच्या उशाशी बसलेली.

"कावून गं, सासऱ्याम्होरं पदर न्हाई?"

मामांनी नळीवर बोट ठेवलं. आवाज खरखरीत आणि तुटका आला. "अक्का, तिला बोलू नगं. तिच्या हातानं मी जित्ता हाय."

बोलल्यामुळे मामांचा कफ सुटला होता, म्हणून मी हात धुवायला उठले.