ओढीचे दात, पळायचे दात

गॅरेजात किस्से गोळा करावे लागत नाहीत. गाडी जॅकवर चढली की गिऱ्हाईक जाणार कुठे? बाकड्यावर बसतं आणि बोलायला लागतं. पेणमध्ये काशिनाथ मिस्त्रींच्या हाताखाली मी एकोणीस वर्षं काढली. आमच्याकडे जुने पिकअप जास्त, त्यामुळे निम्मे किस्से मागच्या ॲक्सलचेच.

*

मागच्या दोन चाकांच्या मध्ये लोखंडी गोळा दिसतो ना, त्यात एक मोठं दातेरी चक्र असतं, क्राउन. त्याला फिरवणारं छोटं, ते पिनियन. दातांचा हिशेब बदलला की गाडीचा स्वभाव बदलतो. एका जोडीने गाडी ओढते, दुसरीने पळते. दोन्ही एकदम मिळत नाही. मिस्त्री गिऱ्हाइकाला सांगायचे, "बैल घे नायतर घोडा घे. बैलाला शर्यतीत उतरवून माझ्याकडे रडत येऊ नको."

*

धाटावच्या कंपनीतला एक फिटर स्वतःच रेशो, म्हणजे हा दातांचा हिशेब, मोजायला बसला. एक चाक उचललं, खडूची खूण केली, चाक एकदा फिरवलं आणि इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे फेरे मोजले. दोनच्या आसपास आले, यायला हवे होते चारच्या वर; फेरे जितके कमी तितकी गाडी पळणारी. मिस्त्री चहा पीत बघत होते. म्हणाले, "या हिशेबाने तुझी गाडी विमानामागे धावंल."

तो खजील झाला. मिस्त्रींनी समजावलं, "एक चाक खाली टेकलेलं असलं की वरचं दोनदा फिरवायचं. खालच्याचा फेरा पण त्यालाच मारावा लागतो."

*

हिराजी खाडीकाठच्या गावचा. मिठागरातून पिकअपमध्ये मिठाच्या गोणी भरायच्या आणि बांधाचा चढ चढून रस्त्याला लागायचं, हा त्याचा धंदा. गाडीला पळायचे दात होते, नऊ-सदतीस, म्हणजे पिनियनला नऊ आणि क्राउनला सदतीस. चढावर गाडी मागे सरायची. त्याची बायको सुमन हातात धोंडा घेऊन मागून चालायची आणि गाडी अडली की चाकाखाली धोंडा सारायची.

हिराजी गॅरेजात येऊन म्हणाला, "मिस्त्री, एक दिवस गाडी तिच्या अंगावर येल. मीठ गेला खड्ड्यात, पन बाई वाचली पायजे."

मिस्त्रींनी भंगारातल्या एका ट्रकमधून ओढीची, आठ-एक्केचाळीसची जोडी शोधून काढली आणि बसवली. भरलेली गाडी न थांबता चढ चढली. सुमन दुसऱ्या दिवशी सुकी मासळी घेऊन आली आणि म्हणाली, "मिस्त्रीदादा, माझी नोकरी घालवलीत तुमी." आम्ही सगळे हसलो.

*

दात बदलले की स्पीडचा काटा खोटं बोलायला लागतो. गाडी असते पन्नासवर, काटा दाखवतो साठच्या पुढे. हिराजी सासुरवाडीला रोह्याला गेला की सांगायचा, "सत्तरने आलो." सुमन तिथेच त्याचं माप काढायची. "व्हय तर! सत्तरने आलो आन वाटेत रिक्षावाला हात करून पुढे गेला."

काट्याचं छोटं गियर बदलून द्यायचं मिस्त्रींनी कबूल केलं होतं. आज करू, उद्या करू करत राहून गेलं. हसण्याचा विषय होता, घाई कुणालाच नव्हती.

*

पुढचं सांगताना मला अजून जड जातं.

हिराजी आणि सुमन रोह्याला तिच्या माहेरी गेलेले असताना एका दुपारी तिच्या छातीत कळ आली. रोह्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, ताबडतोब पनवेलला न्या. ॲम्ब्युलन्स दुसरीकडे गेलेली. हिराजीने तिला पिकअपमध्ये शेजारी बसवलं आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढलाच नाही. इंजिन ओरडत होतं, ओढीच्या दातांवर गाडी पळत नव्हती. नागोठण्याच्या पुढे तो तिला म्हणाला, "ऐंशीने चाललोय गो, आता पोचलोच."

सुमनने काट्याकडे बघितलं आणि विचारलं, "खरे किती?"

वडखळच्या अलीकडे तिची मान कलंडली.

मिस्त्रींना हे कळलं तेव्हा त्यांच्या हातातला पाना तसाच राहिला. "ते दात मीच घातले," एवढंच म्हणाले. चूक कुणाचीच नव्हती हे आम्ही सगळ्यांनी परोपरीने सांगितलं. पण त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी एकाही गाडीचा मागचा गोळा उघडला नाही.

*

तेराव्यानंतर हिराजी आला. मिस्त्री उठून उभे राहिले. आता हा गळा धरणार, असं मलाही वाटलं.

तो म्हणाला, "जुनी जोडी हाय का?"

होती. पळायच्या दातांची ती जोडी मिस्त्रींनी तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. त्यांनी स्वतःच्या हाताने ती बसवली, मला हात लावू दिला नाही. काटा पुन्हा खरा झाला.

परवा हिराजी ग्रीसिंगला आला होता. गाडीत अर्ध्याच गोणी. पूर्ण भरल्या तर चढ चढत नाही, म्हणून एका खेपेचं मीठ तो आता दोन खेपांत नेतो. डिझेल दुप्पट, मेहनत दुप्पट. मिस्त्री न राहवून म्हणाले, "अरे, धंदा मिठाचा, तर ओढीचेच दात पायजेत. घालून देतो परत. आता तुला पळायचं कुठं हाय?"

हिराजी गाडीत बसला, दार ओढून घेतलं.

"गावात आजून मानसं हायत, मिस्त्री."