अडकलेल्या जबड्यांच्या डॉक्टर

डॉ. सुमन घोडके मॅडमना मी पहिल्यांदा भेटलो तो नोकरी मागायला. दंतवैद्यकाची पदवी घेऊन मी गुलमंडीजवळच्या त्यांच्या दवाखान्यात गेलो, तर त्यांनी प्रमाणपत्रं पाहिलीच नाहीत. खुर्चीतल्या आजींच्या कानापुढे माझी बोटं ठेवली आणि आजींना तोंड उघडायला सांगितलं. "हाताला काय लागतं?" मी म्हणालो, "सांधा कटकट वाजतोय." "मग उद्यापासून या." मी तिथे नऊ वर्षं राहिलो.

आज मॅडम साठी पूर्ण करत आहेत. त्यांच्या कामाविषयी या गौरवग्रंथात अनेकजण लिहितील. मला माझ्या एका चुकीविषयी लिहायचं आहे, कारण मॅडम मला खऱ्या कळल्या त्या तेव्हा.

वेरूळला पर्यटकांना लेणी दाखवणारे कचरूभाऊ बनसोडे एकदा पत्नीसह आले. एका सकाळी उठले तेव्हापासून त्यांचा जबडा अडकला होता. तोंड जेमतेम एकोणीस मिलिमीटर उघडत होतं, निरोगी माणसाच्या निम्मंही नाही. पत्नी रमाबाई म्हणाल्या, "पंधरा दिस झाले, पेजेवर हायेत. बोलण्यावरच पोट हाय ह्यांचं."

कोणीतरी त्यांना शस्त्रक्रिया सुचवली होती. मॅडम म्हणाल्या, "आधी स्प्लिंट लावून पाहू." स्प्लिंट म्हणजे दातांवर बसणारी कडक, पारदर्शक पट्टी. तिच्यावर सगळे दात सारखे टेकले की जबड्याचे आवळलेले स्नायू सैलावतात. ती बसवण्याचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. बाहेर गर्दी होती आणि मी घाई केली.

आठव्या दिवशी कचरूभाऊ आले ते सोळा मिलिमीटरवर. कानशिलं ठणकत होती. रमाबाईंचा आवाज चढला, "बरं करायला आणलं होतं, का बिघडवायला?" दात कुठे टेकतात ते पाहायला मॅडमनी कचरूभाऊंना निळा कागद चावायला दिला. पट्टीवर खुणा उमटल्या त्या फक्त उजव्या बाजूला.

मॅडम रमाबाईंकडे वळल्या. "पट्टी एका बाजूला उंच राहिली. दुखणं वाढलं ते त्यामुळेच. चूक आमची आहे."

"मग आता?"

"आता ती नीट करू. सहा आठवडे द्या. खात्री देत नाही. फरक पडला नाही, तर मोठ्या रुग्णालयाला मी स्वतः चिठ्ठी देईन."

कचरूभाऊंनी होकारार्थी मान हलवली. उंच बाजू घासायला मॅडमनी पट्टी माझ्याच हातात दिली आणि शेजारी बसून राहिल्या. "आता घाई नको. थांबा. मग घासा."

ते दोघं गेल्यावर मी माफी मागू लागलो. मॅडम म्हणाल्या, "मला काय सांगता? त्यांना सांगा." मी जिना उतरून धावलो आणि त्यांना रस्त्यात गाठून चूक माझी असल्याचं सांगितलं. कचरूभाऊ मिटल्या दातांतून म्हणाले, "कळलं व्हतं मला. मॅडम बोलत व्हत्या तवा तुमचंच तोंड बघत व्हतो."

पुढचे आठवडे मला अन्न गोड लागलं नाही. माप आलं अठरा, मग पुन्हा अठरा. पाचव्या आठवड्यात रमाबाईंनी चिठ्ठी मागितली. मॅडमनी लगेच कागद ओढला, अर्धी लिहिली आणि म्हणाल्या, "आजचं माप त्यात घालू." माप चोवीस भरलं. मी मोजपट्टी पुन्हा लावून पाहिली. चोवीसच. रमाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या चिठ्ठी. एक आठवडा अजून बघू."

कचरूभाऊ आज लेण्यांत बोलतात. जबडा अजून कधी कधी वाजतो, कडक भाकरी ते टाळतात. मॅडमनीही पूर्ण बरं करण्याचा शब्द कधी दिला नव्हता.

मॅडम, आपल्याला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आज माझ्या हाताखालीही दोन तरुण डॉक्टर आहेत. परवा त्यांच्यातल्या एकाची चूक झाली, तेव्हा रुग्णाला आधी मी म्हणालो, "चूक आमची आहे."