तिघांचा फोटो

चेन्नईला निघताना बायकोने माझ्या हातात कॅमेरा ठेवला. "रविवारी काय करणार आहात तिथे?" असं तिने आदल्या आठवड्यात विचारलं होतं. ती साताऱ्याला शाळेत शिकवते. तिच्या निवृत्तीला अजून काही वर्षं आहेत, आणि तिने नोकरी सोडून माझ्यामागे यावं असं मलाही वाटत नव्हतं. माझी बदली चेन्नईबाहेरच्या ओरगडमच्या कारखान्यात झाली. गाड्यांचे सुटे भाग मोजून पाहायचे आणि केसाच्या जाडीहून कमी फरक असला तरी परत पाठवायचे, हे माझं काम. शहरातल्या वेलचेरी भागात दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. कंपनीची बस पहाटे उचलते, दिवेलागणीला सोडते. सोमवार ते शनिवार निघून जातात. प्रश्न रविवारचाच होता.

मी कॅमेऱ्याबरोबर आलेलं पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. कॅमेऱ्याने परस्पर आकडे ठरवावेत हे मला पटेना, म्हणून सगळं हाताने करायचं असं ठरवलं. आकडे तीनच आहेत. भिंगाचं तोंड किती उघडायचं, पडदा किती वेळ उघडा ठेवायचा, आणि उजेडाच्या बाबतीत कॅमेऱ्याने किती हळवं व्हायचं. तोंड मोठं उघडलं की उजेड भरपूर येतो, पण जवळचं तेवढं स्पष्ट आणि मागचं सगळं धूसर. पडदा जास्त वेळ उघडा राहिला तर हात हलल्याचंही चित्रात उमटतं. तिसरा आकडा वाढवला तर अंधारात निभतं, पण चित्रावर रव्यासारखे दाणे उठतात. एकाला दिलं की दुसऱ्याकडून काढून घ्यावं लागतं. संसारी माणसाला हे समजायला अवघड नाही.

या गावाचे म्हणून काही धडे वेगळे होते. एसीच्या खोलीतून कॅमेरा बाहेर आणला की भिंगावर लगेच वाफ धरते. पुसावी तर पुन्हा धरते. पहिले काही रविवार मला सगळी वेलचेरी धुक्यात दिसली. मग मी कॅमेरा रात्रीच बाल्कनीजवळच्या कपाटात ठेवू लागलो. दुसरं म्हणजे इथलं ऊन. सकाळी थोडा वेळ ते भिंतींवर नीट बसतं, नंतर पांढरं पडतं आणि वस्तूंचे रंग पिऊन टाकतं. म्हणून लवकर निघायचं, लवकर परतायचं.

मांडणीतही मी काटेकोर होतो. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर आडव्या-उभ्या रेघांची जाळी दिसते. खांब उभ्या रेघेला समांतर हवा, क्षितिज आडव्या रेघेला. मुख्य वस्तू अगदी मध्यभागी नको, जरा बाजूला. मी स्टेशनचे खांब काढले, रिकामा फलाट काढला, तळ्याच्या कडेचा कठडा काढला, आमच्या इमारतीचा जिना वरून आणि खालून काढला. चौकटीत कुणी आलं की ते जाईपर्यंत थांबायचो. तमिळ येत नव्हतं. कुणाचा फोटो काढायचा तर विचारायला हवं, आणि विचारायचं तर भाषा हवी. थांबणं सोपं होतं.

त्यातला बरा फोटो दर रविवारी बायकोला पाठवायचो. ती वह्या तपासताना शेरा देते तसं उत्तर यायचं. "स्वच्छ." "रेघा सरळ." एकदा तिने लिहिलं, "छान आहे. पण तुमच्या गावात माणसं नाहीत का?"

मामींची ओळख त्याच्या पुढच्या रविवारी झाली. तळमजल्यावरच्या दारापुढे रोज सकाळी सुंदर कोलम, म्हणजे इथली रांगोळी, काढलेला असे. मी त्यावर वाकून फोटो घेत होतो आणि खांद्याशी फोन धरून बायकोला सांगत होतो, की मधोमध काळं काहीतरी येतंय, कळत नाही काय ते.

"तुझी सावली रे ती," दारातून आवाज आला. "पलीकडे जाऊन काढ."

मी चमकून वर पाहिलं. नऊवारीसारखं पातळ नेसलेल्या, नाकात हिऱ्याच्या चमक्या घातलेल्या एक वृद्ध बाई उभ्या होत्या.

"मामी, तुम्ही मराठी?" इथे वडीलधाऱ्या बाईला मामी म्हणतात, एवढं कळलं होतं.

"आम्ही मराठीच. तंजावूरचे. पण तुझं मराठी फार पळतं रे तंबी. हळू बोल, म्हणजे मज कळेल." तंबी म्हणजे धाकटा भाऊ.

त्यांच्या कैक पिढ्या तंजावूरला गेल्या होत्या. महाराष्ट्र त्यांनी पाहिलाही नव्हता. त्यांचं मराठी आमच्या पोथ्यांमधल्यासारखं होतं आणि चाल तमिळची. वाक्याचा शेवट वर जायचा. आत झोपाळ्यावर त्यांचे यजमान बसलेले. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना मी मामा म्हणू लागलो. रविवारी फोटो काढून परतलो की तळमजल्यावर थांबायचं, स्टीलच्या पेल्यातली कॉफी घ्यायची आणि मामांना फोटो दाखवायचे, असा नेम पडला. कॉफीनंतर बहुधा जेवूनच जायला सांगत. मामींची वांग्याची रसवांगी मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा बायकोला फोटो पाठवला होता. तिने विचारलं, "ताट कुणाचं?" फोटोत मामींचा हात आला होता, एरवी थांबतो तसा तो जाईपर्यंत मी थांबलो नव्हतो.

मामा फोटो एकेक करून लांब धरून बघत. "हे आमचंच रोड?"

"हो."

"लोक कोठे गेले? पूर आला तेव्हा असं दिसलं होतं. सगळे पळाले होते."

"हे पुरातही पळाले नाहीत," मामी आतून म्हणाल्या. "झोपाळ्यावर पाय वर घेऊन बैसले. मीच पाण्यात उभी."

"मी सामान राखत होतो."

"सामान वाहून गेलं. हे राहिले."

पुराचं पाणी गुडघाभर चढलं होतं. त्याची पिवळट रेघ भिंतीवर राहिली होती, रंग दिला तरी पुन्हा वर येणारी. त्या रेघेमुळेच त्यांचं ठरलं. कोइंबतूरची मुलगी म्हणाली, पुढच्या पावसाळ्यात मी तुम्हाला तिथे ठेवणार नाही. मामींनी मला ते कॉफी ओतता ओतता सांगितलं. महिनाअखेरीस जाणार. झोपाळा तिच्या घरात मावणार नाही, तो इथेच नव्या माणसांना देणार.

मी घरी आलो आणि कॅमेऱ्यातले सगळे फोटो पाहिले. त्यांचा एकही नव्हता, तो रसवांगीजवळचा हात सोडला तर. आणि माझा तर नव्हताच. या गावात मी राहिलो, जेवलो, कुणीतरी मला अरे-तुरे केलं, याचा काहीच पुरावा नव्हता. मला एक फोटो हवा होता. त्या दोघांचा, आणि त्यात मी.

त्यांच्या जाण्याआधीच्या रविवारी ट्रायपॉड घेऊन खाली गेलो. झोपाळ्याच्या फळीवर तिघं आरामात बसतील एवढी जागा होती. खिडकीतून डावीकडून उजेड येत होता. तिघांचे चेहरे पुढेमागे असले तरी स्पष्ट यावेत म्हणून भिंगाचं तोंड लहान केलं, आठवर आणलं. झोपाळा स्थिर राहावा म्हणून फळीखाली दोन्ही टोकांना उशा रचल्या. पुराची रेघ फळीच्या मागे लपेल इतका कॅमेरा खाली घेतला. मामा मध्ये, मामी खिडकीशी, उजवीकडे माझी जागा. बटण दाबल्यावर कॅमेरा दहा सेकंद थांबणार होता. चालत जाऊन बसायला तेवढे पुरे होते.

दाबलं. गेलो, बसलो. आणि मामी उठल्या.

फोटोत मी आणि मामा नीट आलो होतो, आणि आमच्या पलीकडे मामींच्या हिरव्या पातळाचा एक पुसट पट्टा.

"काय झालं मामी?"

"मज आधी कळलं नाही तूही बैसणार. तिघांचा फोटो काढू नये."

मी ओशाळलो. आमच्याकडेही हेच म्हणतात. लग्नकार्यात तिघं उभे राहिले की आई चौथ्याला ओढून आणायची. उजेड मोजला, अंतर मोजलं, सेकंद मोजले, आणि माणसं मोजायची राहिली.

मामा हसत होते. "रेल्वेत तिघांच्या बाकावर पाच बैसतात."

"ते फोटो काढत नाहीत."

"काय होतं तिघांनी?"

"मधल्याचं आयुष्य उणं होतं. ठाऊक असून विचारतात."

"ऐंशीचा झालो. आता उणं होऊन होऊन किती होणार?"

मामी हसल्या नाहीत. "पोतुम," म्हणाल्या. पुरे.

चौथा माणूस शोधायला मी बाहेर गेलो. वॉचमन नाश्त्याला गेला होता. पहिल्या मजल्यावर संगणक कंपन्यांत काम करणारी मुलं राहतात. रविवारी सकाळी त्यांच्या दाराची बेल वाजवावी इतकी माझी ओळख नव्हती. मी जिन्यात थोडा वेळ उभा राहिलो. या इमारतीत चौथा म्हणून बोलवावं असं मला कुणीच नव्हतं. परत आलो आणि म्हणालो, "तुमच्या दोघांचाच काढतो. तोच महत्त्वाचा."

तो फोटो चांगला आला. मामींनी पदर सारखा केला, मामांनी चष्मा काढून पुन्हा घातला. मी ट्रायपॉड मिटायला लागलो.

"आणि तू कोठे?" मामींनी विचारलं.

"मी काढणारा."

"आण इकडे. मी काढते. तू ह्यांच्याजवळ बैस. मग दोघंच होतात."

ट्रायपॉडवर डोळा लावायला त्यांना वाकता येईना, म्हणून कॅमेरा हातात द्यावा लागला. त्यांचे हात कापतात. कॉफीचा पेला देतानाही दुसऱ्या हाताचा आधार लागतो. मी आकडे नव्याने ठरवले. कापऱ्या हाताला पडदा फार लवकर मिटायला हवा, सेकंदाच्या पाचशेव्या भागात. त्यासाठी भिंगाचं तोंड मोठं केलं आणि तिसरा आकडा एरवी कधी नेत नाही इतका वर नेला. दाणे उठले तर उठू देत. पट्टा त्यांच्या गळ्यात घातला.

"कोठे दाबू?"

"हे इथे. दाबताना श्वास धरा."

"या वयात श्वास धर म्हणतो," मामा म्हणाले, आणि मी हसलो, तेवढ्यात मामींनी दाबलं.

मी तो संध्याकाळी मोठा करून पाहिला. मांडणीच्या हिशेबाने त्यात बरोबर असं काही नाही. चौकट डावीकडे कललेली आहे. मामांचा एक कान कापला गेलाय. मधोमध आमच्या दोघांमधली भिंत आणि तिच्यावर ती पुराची पिवळी रेघ, अगदी ठळक. मी उजव्या कडेला, हसताना डोळे बारीक झालेला. रव्यासारखे दाणे आहेत. पण हलल्याचा मागमूस नाही. पापण्यासुद्धा मोजता येतील इतका तो स्पष्ट आहे.

दोन्ही फोटो मोठे करून मी कोइंबतूरला न्यायला मामींच्या हातात दिले. माझा-मामांचा फोटो मात्र बायकोला लगेच पाठवला नव्हता. ते दोघं कोइंबतूरला निघाले त्या दिवशी पाठवला. रेघा सरळ नाहीत, असं ती लिहील असं वाटलं होतं.

उत्तर आलं, "बारीक झालात." आणि लगेच दुसरं, "चष्मा कधी बदललात? सांगितलं नाहीत." मग तिचा फोनच आला. कुणी काढला, हे मी सांगितलं. सगळं सांगितलं, जिन्यात उभा राहिलो ते सोडून.

"आता रविवारी जेवायचं काय?" तिने विचारलं.

"बघू. करीन काहीतरी."

मग म्हणाली, "खांबांचे फोटो पुरे झाले. दर रविवारी एक तुमचा पाठवा. मला बघू दे."

तळमजल्याच्या दाराला कुलूप आहे. दारापुढची फरशी कोरीच असते. नवी माणसं अजून आलेली नाहीत. खिडकीतून झोपाळा दिसतो. मी तिथे थांबत नाही. रविवारी घरातच ट्रायपॉड लावतो, खिडकीजवळच्या खुर्चीवर खूण करून ठेवलेल्या जागी अंतर जुळवतो, बटण दाबतो आणि जाऊन बसतो. एका माणसाचा फोटो काढू नये असं कुणी म्हणत नाही.

पहिला पाठवला तेव्हा तिने विचारलं, "उजवीकडे एवढी जागा का सोडलीत?"

मांडणीचा नियमच आहे तसा. माणूस ज्या बाजूला बघतो, त्या बाजूला जागा रिकामी ठेवायची. मी तिला तेच लिहिलं.

"बरं," तिने उत्तर दिलं. "मे महिन्यात सुट्टीला येते. खुर्ची आहे ना दुसरी?"

दुसरी खुर्ची नव्हती. त्या संध्याकाळी जाऊन आणली.