पाव्हण्यांसाठी भरलेल्या घागरी

मोडंन पण वाकणार न्हाय, असा बनाबाईचा स्वभाव. लोणी भापकरच्या माळावर धनगरांची चार घरं, त्यातलं एक तिचं. मेंढरं कधीच गेली होती, जिरायतीत काही पिकत नव्हतं, पण ताठा मात्र पाटलिणीचा!

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात वस्तीवर बातमी आली. नळयोजना मिळणार, पण आधी परदेशी साहेब येऊन हाल बघणार. साऱ्या देशांनी मिळून म्हणे एक संस्था काढलेली, कुठल्याबी मुलखातल्या गरिबाला न्याय द्यायला. बनाबाईला हे फार पटलं. तिची सून सुकन्या पोटुशी होती आणि लांबच्या विहिरीवरनं डोक्यावर पाणी आणत होती. पहिलं पोर असंच पाणी वाहता वाहता पोटातनं पडलं होतं.

"औंदा नळ आला तर माझा नातू वाचंल," बनाबाई ज्याला त्याला सांगायची.

ग्रामसेवकानं बजावलं होतं, "आहे तसं दाखवा." पण ऐकेल तर ती बनाबाई कसली! चारी घरांतलं पाणी तिनं आपल्या दारात आणवलं. अंगणभर सडा घातला. साहेबांच्या पायांवर तांब्यानं पाणी ओतलं, वर लोटी भरभरून ताक पाजलं.

सुकन्या कानाशी लागली, "आत्याबाई, रिकाम्या घागरी दाखवा की!"

"गप बस. पाव्हण्याला रिकामी घागर दाखवाय आपुन काय दळभद्री हाय?"

साहेब खूश. फोटो काढले, हात जोडले, गाडीत बसले.

पुढं योजना दुसऱ्याच गावाला गेली. ग्रामसेवक म्हणाला, "साहेबांनी लिहिलंय, या वस्तीला पाणी भरपूर आहे. आता मी काय बोलू?"

घ्या! करायला गेले गणपती अन् झाला मारुती. बनाबाई चुकलीच, पण त्या साहेबांना काय म्हणावं? सात समुद्र ओलांडून जगाचा न्याय करायला आले, अन् बाई, हे पाणी आणलं कुठनं, एवढं विचारायला जीभ रेटली नाही!

सुकन्याचं दुसरं पोरही पोटातच गेलं. सासूशी तिनं बोलणंच टाकलं. चार शिव्या दिल्या असत्या तरी बनाबाईला बरं वाटलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच संस्थेची दुसरी माणसं आली. त्यांच्यात एक तरणी गोरी पोर होती, उन्हानं लालबुंद, ओठ सुकलेले. सोबतच्या माणसानं तिच्यासाठी पाणी मागितलं. घरात दोन घागरी भरलेल्या होत्या. बनाबाई दारात आडवी उभी राहिली.

"पाणी न्हाय. लिवून घ्या."

पोरीनं लिहून घेतलं आणि ती तशीच चढाला लागली. बनाबाईच्या डोळ्यांना धार लागली. कुणाचं का असंना, लेकरू होतं ते.

सुकन्या मागं उभी होती. वर्षानं ती सासूशी बोलली.

"आत्याबाई, ह्ये गेल्या साली करायचं हुतं."