माह्या बोटातला पासवर्ड

शिरपूरच्या एका घरात एक म्हातारा होता, एक म्हातारी होती, त्यांचा लेक गजानन होता अन् सून रेखा होती. म्हातारी म्हणजे मीच! घरात जुना कॉम्प्युटर आला अन् किस्से असे साचले, की एक सांगाले बसलं तर दुसरा मधातच तोंड घालते.

रेखाले वाशीमच्या कचेरीत कारकुनाची जागा पाहिजे होती. टायपिंगची परीक्षा तोंडावर, अन् बाई कॉम्प्युटरवर पत्ते खेळे! एक खेप नापास झाली होती. आता हुकलं असतं तर फॉर्म भराचं वयच संपत होतं.

शेवटी तिनंच पत्त्याच्या खेळाले कुलूप लावलं. म्हणे, "आई, आपला कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या यंत्रणेवर चालते. ज्याले परवानगी, त्यालेच गेम उघडते. परवानगी देणाऱ्या तुमी. पासवर्ड टाका, मी पाठ फिरवते."

"अवं, मले अक्षर येत नाही!"

"म्हणूनच तुमी!"

रांगोळीचे ठिपके टाकावे तशी मी बटनं दाबली. तेच ठिपके दोनदा. झालं!

*

दुसऱ्याच दिवशी रेखा चुलीपाशी घुटमळू लागली. "आई, एकच डाव! कोणतं अक्षर दाबलं हो?"

"मले काय त्याचं नाव माहीत? माह्या बोटाले विचार!"

*

गजाननालेही पत्ते खेळाचे होते. त्यानं व्हिडिओ पाहून कुलूप तोडाचा हुकूम टाइप केला. पडद्यावर इंग्रजी ओळ आली अन् गड्याले घाम फुटला.

"आई, 'तुम्हाले परवानगी नाही, मालकाले खबर देण्यात येईल', असं लिहिलं. मालक कोण?"

"मी!"

"तुले वाचता कुठं येते?"

"मंग तूच वाचून दाखव. पुन्हा एकडाव!"

*

मंग आमचा म्हातारा बसला. ठकठक, ठकठक. "सूनबाई, बटनं बिघडली! कवाचा दाबून राह्यलो, काहीच उमटत नाही!"

"आबा, लिनक्सवर पासवर्ड टाकताना काही दिसत नसते."

म्हातारा चिडला. "हा कॉम्प्युटर तुह्या सासूवरच गेला! सगळं ऐकून घेते, दाखवत काहीच नाही!"

*

पत्ते बंद, म्हणून रेखानं टायपिंगच घोटलं अन् परीक्षा देली. निकालाच्या दिवशी घरात कोणाचाच पाय ठरेना. रेखानं भाजीत दोनदा मीठ टाकलं. मी उगाच दारापर्यंत जाऊन येऊन राह्यली होती. गजानन मोबाइल घासून राह्यला होता. यादी उघडे, बंद पडे, पुन्हा उघडे.

एकदम ओरडला, "रेखा, तुहं नाव आहे! लागली तू!"

रेखा माह्या गळ्यात पडली. आमी दोघी रडलो, हसलो.

अन् म्हातारा? चाळीस वर्षांत त्यानं मले "ए"च्या वर हाक नाही मारली. त्या दिवशी टोपी काढली, कॉम्प्युटरपुढची खुर्ची उपरण्यानं पुसली, अन् हात जोडून म्हणाला,

"अहो बाईसाहेब, बसता का? आता तरी एकच डाव!"